व्हिडिओ कुठे थांबवायचा? प्राथमिक वर्गात मुलांना लिहिते करण्यासाठी मार्गदर्शिका

बेळगाव, खानापूर आणि निपाणी तालुक्यांतील मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांत चौथी-पाचवीच्या मुलांना ‘आमचे गाव’ किंवा ‘पावसाळ्यातील एक दिवस’ असा विषय दिला, की बहुतेक वह्यांत तीच ती दहा-बारा वाक्ये उतरतात. गावाचे नाव, गावातले देऊळ, शाळा, ओढा, आणि शेवटी ‘मला माझे गाव फार आवडते’. तेच मूल मधल्या सुट्टीत मात्र शेजाऱ्यांची म्हैस चिखलात कशी रुतली आणि तिला काढताना कोण कसे घसरले, हे हातवारे करून रंगवून सांगत असते. सांगण्यासारखे त्याच्याजवळ पुष्कळ असते. वही उघडल्यावर ते आटते, कारण कागदापुढे बसलेल्या मुलाला धरून ठेवण्यासारखे, पुन्हा पुन्हा पाहता येण्यासारखे समोर काहीच नसते. एखाद्या मिनिटाचा साधा व्हिडिओ ही उणीव भरून काढू शकतो. हा लेख अशा शिक्षकांसाठी आहे, ज्यांनी वर्गात लेखनासाठी व्हिडिओ कधी वापरलेला नाही आणि ज्यांच्या शाळेत फारशी साधनेही नाहीत.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केली पाहिजे. व्हिडिओ दाखवून ‘आता जे पाहिले त्यावर लिहा’ असे सांगितले, तर मुले लिहितात ते लेखन नसते, तो पाहिलेल्या गोष्टींचा हिशेब असतो. या पद्धतीत सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे थांबवण्याचे बटण. व्हिडिओ नेमका कुठे थांबवला आणि त्यानंतर मुलांना काय विचारले, यावरच सर्जनशील लेखन घडते की नाही हे ठरते. पुढील सर्व पायऱ्या या एका गोष्टीभोवती रचलेल्या आहेत.

साधने कोणती जमवावीत

एक स्मार्टफोन, एक पडदा किंवा टीव्ही आणि मागच्या बाकापर्यंत आवाज पोहोचवील असा लहान स्पीकर एवढे पुरेसे आहे. स्मार्ट क्लाससाठी टीव्ही मिळालेल्या शाळांनी व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेऊन टीव्हीला जोडावा. मात्र आदल्या दिवशी तो त्याच टीव्हीवर चालवून पाहावा. अलीकडचे अनेक फोन जागा वाचवण्यासाठी एच.२६५ या प्रकारात चित्रीकरण करतात आणि जुन्या टीव्हीवर त्या फाइलचा नुसता आवाज येतो किंवा काहीच दिसत नाही. फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच.२६४ हा पर्याय निवडला, की ही अडचण सहसा येत नाही.

वर्गात व्हिडिओ थेट इंटरनेटवरून चालवू नये. मधेच जाहिरात लागते, एक व्हिडिओ संपताच दुसरा आपोआप सुरू होतो, आणि मुलांचे जे लक्ष आपण महत्प्रयासाने एका चित्रावर आणलेले असते ते क्षणात उधळले जाते. फाइल फोनमध्ये असावी आणि तास सुरू करताना फोन विमान मोडवर ठेवावा. खानापूरच्या पश्चिमेकडील गावांत पावसाळ्यात वीज जाणे नेहमीचेच आहे, त्यामुळे टीव्हीवर विसंबून न राहता फोनवर काम भागवण्याची तयारी असावी. पाच-सहा मुलांचा एकेक गट फोनभोवती बसवून व्हिडिओ दाखवावा आणि बाकीच्या मुलांना तोवर चित्र काढण्याचे काम द्यावे. यात वेळ थोडा जास्त जातो, पण लहान गटात मुले अधिक बारकाईने पाहतात, हा त्याचा फायदाही आहे.

व्हिडिओ कसा निवडावा

चाळीस ते नव्वद सेकंदांचा व्हिडिओ सर्वांत उपयोगी पडतो. त्यात निवेदन नसावे, पार्श्वसंगीत नसावे, एकच ठिकाण असावे, कोणीतरी काहीतरी करत असावे, आणि त्या करण्यातली एक तरी गोष्ट अर्धवट राहिलेली असावी. निवेदन असले की मुले निवेदकाचीच वाक्ये वहीत उतरवतात. संगीत असले की आनंद आहे की दुःख, हे संगीतच ठरवून टाकते आणि मुलाला ठरवण्यासारखे काही उरत नाही.

नव्या शिक्षकाला बहुधा देखण्या दृश्यांचा मोह पडतो. गोकाकला घटप्रभेचे पाणी सुमारे ५२ मीटर उंचीवरून कोसळते. भर पावसाळ्यातले ते दृश्य कोणालाही थक्क करणारे आहे. तरीही लेखनासाठी केवळ धबधब्याचा व्हिडिओ दाखवला, तर मुले ‘मनमोहक’, ‘निसर्गरम्य’, ‘डोळ्यांचे पारणे फिटले’ अशी पाठ्यपुस्तकातून उचललेली शब्दरचना करून थांबतात, कारण त्या दृश्यात कोणालाच काही हवे नसते आणि कशाची अडचणही नसते. त्याच धबधब्याजवळच्या झुलत्या पुलावर मधेच थांबून मागे वळून पाहणारा एक माणूस चित्रात असला, की लगेच प्रश्न उभा राहतो. तो कोणाची वाट पाहतो आहे? दृश्य किती सुंदर आहे, यापेक्षा त्यात प्रश्न दडलेला आहे का, हे पाहून निवड करावी.

सर्वांत चांगला व्हिडिओ म्हणजे शिक्षकाने स्वतः गावात काढलेला. आठवड्याच्या बाजाराची सकाळ, दूध संकलन केंद्रावरची रांग, जुलैत खानापूरकडे चालणारी भाताची रोपलावणी, निपाणीकडच्या शेतातली तंबाखूची कामे, सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराकडे निघालेल्या बैलगाड्या, एसटी थांब्यावरचा रिकामा बाक, हे सारे विषय मुलांच्या अनुभवातले आहेत. त्यामुळे व्हिडिओ जेथे संपतो तेथून पुढचे मुलाला स्वतःच्या आठवणीतून घेता येते. शिवाय दुसऱ्या कोणाचा व्हिडिओ वापरताना येणारा स्वामित्वहक्काचा प्रश्नही उद्भवत नाही.

चित्रीकरणासाठी फार कौशल्य लागत नाही. फोन आडवा धरावा, कोपरे बरगड्यांना टेकवावीत म्हणजे हात हलत नाही, आणि प्रत्येक दृश्य किमान दहा सेकंद एका जागी स्थिर ठेवावे. झूम न वापरता दोन पावले पुढे जावे. एकूण पाच दृश्ये घ्यावीत. पहिले लांबून, दुसरे मध्यम अंतरावरून, तिसरे कामात गुंतलेल्या हातांचे, चौथे एखाद्या वस्तूचे आणि पाचवे अशा व्यक्तीचे जिच्या मनात काहीतरी चालले आहे असे वाटते. वारा असेल तर त्याकडे पाठ करून उभे राहावे, नाहीतर ध्वनिमुद्रणात नुसता भरभर आवाज येतो. १०८० पिक्सेलवर काढलेल्या एका मिनिटाला साधारण १०० ते १५० एमबी जागा लागते. वर्गातल्या टीव्हीसाठी ७२० पिक्सेल पुरेसे असल्याने तेच ठेवावे. पाचही दृश्ये एकामागोमाग जोडण्याचे काम फोनवरील कोणत्याही साध्या संपादन ॲपमध्ये होते. दृश्ये बदलताना फिरणारी, उडणारी चित्रे आणि चमकदार अक्षरे यांचा मोह टाळावा.

एक तास प्रत्यक्ष कसा घ्यावा

दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली, की बेळगाव आणि निपाणी परिसरात जी गुऱ्हाळे चालतात, त्यांपैकी एका गुऱ्हाळाचा सत्तर सेकंदांचा व्हिडिओ आपण काढला आहे असे समजू. पहिल्या दृश्यात शेताच्या कडेला छप्पर आणि त्यावरून वर चढणारा धूर आहे. मग चरकात ऊस घालणारे हात आणि खाली पडणारी चिपाडे. त्यानंतर काहिलीत उकळणारा रस, कडेला आलेला पिवळट फेस आणि झाऱ्याने मळी काढणारा माणूस. मग गुळव्याचा हात, जो पाकाचे थेंब पाण्यात सोडून गोळी जमते का ते बोटांनी चाचपतो आहे. आणि शेवटी छपराच्या तोंडाशी उभा असलेला नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा, पाठमोरा, खांद्यावर दप्तर, नजर आत. व्हिडिओ तेथेच संपतो.

पहिल्या वेळी हा व्हिडिओ आवाज बंद करून दाखवावा. मुलांनी मधे बोलायचे नाही, एवढी एकच सूचना द्यावी. संपल्यावर प्रत्येकाने पाहिलेली एकच गोष्ट सांगायची, पण आधीच्या मुलाने सांगितलेली पुन्हा सांगायची नाही. पहिल्या सात-आठ मुलांनंतर सोप्या गोष्टी संपतात आणि पुढच्या मुलांना खरोखर आठवावे लागते. कोणीतरी म्हणते की फेस काढणाऱ्या माणसाच्या डोक्याला टॉवेल बांधलेला होता, कोणीतरी म्हणते की मुलाच्या एका पायात चप्पल नव्हती. हे सारे फळ्यावर ‘पाहिले’ या मथळ्याखाली लिहून घ्यावे.

दुसऱ्या वेळी चित्र झाकून फक्त आवाज ऐकवावा. टीव्हीवर वर्तमानपत्र टाकले तरी चालते. चुलवाणातली तडतड, रसाचा खदखद आवाज, चरकाची घरघर, कोणीतरी कोणाला तरी मारलेली हाक. हे शब्द ‘ऐकले’ या मथळ्याखाली जातात. मुलांनी आवाजांसाठी स्वतः शब्द शोधावेत आणि ते शब्दकोशात नसले तरी फळ्यावर तसेच लिहावेत.

आता फळ्यावर तिसरा रकाना आखावा आणि तो मुद्दाम रिकामा सोडावा. वास, चव, स्पर्श आणि ऊब या चार गोष्टी व्हिडिओ कधीच देऊ शकत नाही. मुलांना विचारावे की तुम्ही त्या छपरात उभे असता तर तुमच्या नाकाला, कातडीला, जिभेला काय कळले असते. जी मुले चुलवाणाजवळ कधी तरी उभी राहिलेली असतात त्यांच्याकडून मग असे शब्द येतात, जे कोणत्याही निबंधमालेत सापडणार नाहीत. तोंडाला लागणारी झळ, पाठीला मात्र लागणारा थंड वारा, काकवीने चिकटलेली बोटे, पायाला टोचणारी चिपाडे, कपड्यांत शिरून घरापर्यंत येणारा धुराचा वास. अनेक शिक्षक वेळ कमी आहे म्हणून हा तिसरा रकाना गाळतात. माझ्या मते तास अपुरा पडत असेल तर बाकी काहीही गाळावे, हा रकाना गाळू नये, कारण मूल पाहणारा न राहता लिहिणारा होते ते याच ठिकाणी.

यानंतर व्हिडिओ तिसऱ्यांदा लावून शेवटच्या दृश्यावर, त्या पाठमोऱ्या मुलावर, थांबवावा आणि चित्र तास संपेपर्यंत तसेच पडद्यावर राहू द्यावे. टीव्ही किंवा फोन काही वेळाने आपोआप बंद होत असेल, तर त्या चित्राचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवावा. आता प्रश्न विचारायचे, पण ‘चित्रात काय दिसते?’ हा प्रश्न विचारायचा नाही. विचारायचे ते असे: हा आत न जाता दारातच का थांबला असेल? दप्तर अजून खांद्यावर आहे, म्हणजे तो घरी गेलेला नाही, मग घरी कोण वाट पाहत असेल? आतल्या कोणी त्याच्याकडे पाहिले तर त्याला बरे वाटेल की वाईट?

या प्रश्नांची उत्तरे सगळ्या वर्गासमोर मोठ्याने घेऊ नयेत. वर्गातल्या हुशार मुलीने ‘त्याला गूळ चोरायचा आहे’ असे म्हटले, की पुढच्या पंधरा वह्यांत गूळचोरच सापडतो. प्रत्येकाने आपले उत्तर शेजाऱ्याच्या कानात सांगावे आणि लगेच लिहायला बसावे. लिहिण्यासाठी दहा-बारा मिनिटे द्यावीत. या वेळात शिक्षकाने शुद्धलेखन दाखवत वर्गात फिरू नये. शक्य असेल तर शिक्षकानेही बसून त्याच चित्रावर लिहावे, कारण बाई किंवा सर स्वतः लिहीत आहेत हे पाहिल्यावर मुले त्या कामाला वेगळ्याच गांभीर्याने घेतात.

व्हिडिओ न थांबवता सरळ दाखवला, तर चौथीच्या मुलाचे लेखन साधारण असे असते: ‘एक मुलगा गुऱ्हाळावर गेला. तिथे गूळ करत होते. त्याने गूळ खाल्ला. मग तो घरी गेला.’ वरील पायऱ्यांनंतर त्याच मुलाकडून येऊ शकणारा मजकूर पाहा: ‘दप्तराचा पट्टा खांद्यावरून घसरला तरी त्याने वर ओढला नाही. आत बाबा जाळ घालत होते. चिपाडं तडतडत होती. तोंडाला झळ लागत होती तरी तो मागे सरला नाही. हाक मारावी का नको त्याला कळेना. सकाळी तो बाबांशी भांडून शाळेला गेला होता.’ पट्टा चित्रातून आला, तडतड आवाजातून आली, झळ तिसऱ्या रकान्यातून आली, आणि भांडण मुलाने स्वतः आणले. हे भांडण व्हिडिओत कुठेच नव्हते आणि ते आणण्यासाठी मुलाला जागा मिळाली ती आपण व्हिडिओ तेथे थांबवला म्हणून.

थांबण्याची जागा निवडण्याचा नियम साधा आहे. निर्णय घेतला जाण्याच्या आधी थांबावे, घेतल्यावर नाही. हात पुढे झाला आहे पण वस्तू उचललेली नाही, दार ढकलले आहे पण आत कोण आहे हे दिसलेले नाही, बाई वाकलेली कंबर सरळ करून रस्त्याकडे पाहते आहे पण रस्ता आपल्याला दिसत नाही, अशा ठिकाणी. नवशिक्या शिक्षकाने एका व्हिडिओत एकदाच थांबावे. हात बसल्यावर दोन किंवा तीन ठिकाणी थांबून दर वेळी चार-पाच वाक्ये लिहून घेता येतात. त्याहून जास्त वेळा थांबल्यास मुले वैतागतात.

इयत्तेप्रमाणे काय बदलावे

कर्नाटकात पहिली ते तिसरीसाठी नलीकली (खेळत शिकण्याच्या) पद्धतीने गटांत काम चालते, त्यामुळे या वयाच्या मुलांना व्हिडिओ गटात दाखवणे सोपे जाते. या मुलांनी बोलावे आणि शिक्षकाने त्यांचे वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहून त्यांना परत वाचून दाखवावे. आपण बोललो ते कागदावर टिकते, हा अनुभवच त्यांच्यासाठी मोठा असतो. तिसरीच्या मुलांनी थांबलेल्या चित्राखाली एक-दोन वाक्ये लिहिली तरी पुरे.

चौथी-पाचवीसाठी वरील तास जसाच्या तसा चालतो. सहावी-सातवीत मात्र दृष्टिकोन बदलण्याचे काम द्यावे. तेच गुऱ्हाळ, पण सांगणारा गुळव्या, किंवा घरी वाट पाहणारी आई, किंवा ऊस घेऊन आलेल्या गाडीचा बैल. एकाच घटनेची तीन निवेदने वर्गात वाचली गेली, की कथेत ‘कोण सांगतो’ याला किती महत्त्व असते हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. याच इयत्तांत दुसरा एक प्रकार चांगला रुजतो. शेवटचे दृश्य आधी दाखवायचे आणि त्याच्या आधी काय घडले ते लिहायला सांगायचे. अशा कथा पुढे प्रतिभा कारंजी या शालेय स्पर्धेतील कथाकथनासाठीही उपयोगी पडतात, कारण त्या मुलाच्या स्वतःच्या असतात आणि पाठ करताना मूल अडखळत नाही.

बोलीचे काय करावे

या भागातल्या मुलांच्या घरी बोलली जाणारी मराठी पुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी असते. तिच्यात कन्नड शब्द सहज मिसळलेले असतात, खानापूरच्या घाटाकडच्या काही गावांत कोकणीही असते, आणि काही मुलांच्या घरी तर कन्नडच बोलली जाते. पहिल्या खर्ड्यात मुलाला ज्या शब्दात सुचेल त्या शब्दात लिहू द्यावे. तेथेच खोडले, तर मूल पुढच्या वेळी फक्त पुस्तकी वाक्ये लिहील. दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी एकच भेद समजावून द्यावा. पात्रे जे बोलतात ते घरच्या बोलीत राहू द्यायचे आणि बाकीचे निवेदन प्रमाण मराठीत आणायचे. बाजारातल्या म्हातारीच्या तोंडी पुस्तकी मराठी घातली तर ती खोटी वाटते, हे मुले स्वतःच ओळखतात. ज्या मुलांची घरची भाषा मराठी नाही त्यांच्यासाठी व्हिडिओ विशेष मोलाचा आहे. वस्तू समोर दिसत असल्यामुळे शब्द माहीत नसला तरी ते बोट दाखवून विचारू शकतात.

दुसरा खर्डा कानाने

लेखन सुधारण्यासाठी फोनचा जो उपयोग होतो, तो फारसा कोणी करत नाही. मुलाने आपले लेखन वाचावे, शिक्षकाने त्याचा आवाज मुद्रित करावा आणि मुलाने तो ऐकावा. वहीत न दिसलेल्या चुका कानाला लगेच खटकतात. ‘मग’, ‘मग’, ‘मग’ अशी लागलेली रांग, अर्धवट सुटलेले वाक्य, एकाच परिच्छेदात तीनदा आलेले नाव, हे मूल स्वतः पकडते. त्यानंतर दुसरा खर्डा लिहायला सांगितला, तर ती शिक्षा वाटत नाही.

पुढची पायरी म्हणजे हेच वाचन मूळ व्हिडिओवर निवेदन म्हणून बसवणे. येथे एक अट मुलाला नैसर्गिकपणे शिस्त लावते: व्हिडिओ सत्तर सेकंदांचा आहे. चौथीचे मूल सावकाश, स्पष्ट वाचत असेल तर तेवढ्या वेळात शंभरपेक्षा कमीच शब्द बसतात. मग कोणते वाक्य ठेवायचे आणि कोणते काढायचे हे त्याला ठरवावे लागते. पडद्यावर धूर दिसतोच आहे, तर ‘तिथे धूर येत होता’ हे वाक्य कशाला, असा प्रश्न मुलेच एकमेकांना विचारू लागतात.

मुलांनी स्वतः व्हिडिओ करणे

हे शेवटी करावे, सुरुवातीला नाही. मुलांच्या हाती आधी कॅमेरा दिला, तर लेखन मागे पडते आणि सगळा वेळ कॅमेऱ्यापुढे कोणी यायचे यावर जातो. म्हणून नियम करावा की कथा लिहून पूर्ण झाल्याशिवाय फोन मिळणार नाही. कथा झाल्यावर कागदावर सहा चौकटी आखाव्यात. प्रत्येक चौकटीत एक साधे रेखाचित्र आणि त्याखाली एक वाक्य. सहा चौकटींत कथा मावत नसेल तर कथेत कुठे तरी पसरटपणा आहे हे कळते, आणि एखादी चौकट रिकामी राहिली तर कथेत तेथे काहीतरी सुटले आहे हेही कळते.

चित्रीकरणाचा सर्वांत सोपा आणि लाजऱ्या मुलांना मानवणारा प्रकार म्हणजे मातीच्या वस्तू थोड्या थोड्या सरकवून एकेक छायाचित्र घेणे. जूनमध्ये शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात, त्याच सुमारास कर्नाटकी बेंदूर आणि पाठोपाठ मातीच्या बैलांची अमावास्या येते, आणि घरोघरी मुलांनी केलेले मातीचे बैल तयार असतात. त्या बैलांचीच कथा करावी. फोन एका विटेला टेकवून पक्का बसवावा, कारण तो जरा जरी हलला तरी पुढचे सगळे चित्र उडी मारते. सेकंदाला दहा छायाचित्रे धरली, तर अर्ध्या मिनिटासाठी तीनशे लागतात. हे काम चार मुलांत वाटावे. एकाने बैल सरकवायचा, एकाने छायाचित्र घ्यायचे, एकाने मोजायचे आणि एकाने कथेच्या कागदावर आपण कुठे आहोत हे पाहायचे. खिडकीतून येणारा प्रकाश ढगांमुळे सारखा बदलतो, म्हणून पावसाळ्यात खिडकी बंद करून दिव्याच्या उजेडात काम केलेले बरे.

मुलांना सांगण्यासारखी एक गोष्ट येथे आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली आपला पहिला कथापट लोकांपुढे आणला, त्याच्या आधी कुंडीत वाटाणे पेरून रोज त्याचे थोडे थोडे चित्रण केले आणि रोप वाढतानाचा छोटा चित्रपट तयार केला. हा प्रयोग आजही वर्गाच्या खिडकीत करता येतो. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागेवरून दोन-तीन छायाचित्रे घ्यावीत आणि एका मुलाने त्या दिवसाची दोन ओळींची नोंद रोपाच्या तोंडी लिहावी. दोन-तीन आठवड्यांत चित्रही तयार होते आणि रोपाची रोजनिशीही.

परवानगी आणि सुरक्षितता

मुलांचे चेहरे दिसणारा कोणताही व्हिडिओ काढण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी आणि मुख्याध्यापक व शाळा विकास व देखरेख समितीला, म्हणजे एसडीएमसीला, उपक्रमाची कल्पना द्यावी. संमतिपत्र मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत असावे आणि त्यात व्हिडिओ कशासाठी काढला जाणार, कोणाला दाखवला जाणार आणि कधी पुसला जाणार, हे साध्या शब्दांत लिहावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि बालकाची माहिती डिजिटल स्वरूपात हाताळण्यासाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. वर्गातला व्हिडिओ गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. तो तेथून कुठे जाईल यावर कोणाचाच ताबा राहत नाही. मुलगा पाठमोरा दाखवणे, नुसते हात दाखवणे, मातीच्या वस्तूंची कथा करणे, या युक्त्या लेखनासाठी तर उपयोगी आहेतच, चेहरा न दाखवण्यासाठीही आहेत. गावातल्या लोकांचे चित्रीकरण करतानाही आधी विचारावे. गुऱ्हाळावर, बाजारात किंवा शेतात काम करणारी माणसे सहसा नाही म्हणत नाहीत, पण न विचारता काढले तर त्यांना वाईट वाटते, आणि ते रास्तच आहे.

तपासणी आणि नेहमीच्या अडचणी

पहिल्या खर्ड्यावर लाल शाईने काहीही लिहू नये. एका वेळी एकच गोष्ट पाहावी आणि ती मुलांना आधी सांगावी. या आठवड्यात तिसऱ्या रकान्यातले किमान एक वाक्य आहे का, पुढच्या आठवड्यात पात्राला काय हवे आहे हे कळते का, त्यानंतर संवादाची विरामचिन्हे. सगळे एकाच वेळी तपासल्यास मूल सुरक्षित, छोटी आणि निर्जीव वाक्ये लिहायला शिकते.

काही मुले थांबलेल्या चित्रापुढे बसूनही काहीच लिहीत नाहीत. त्यांना पहिले वाक्य द्यावे: ‘त्याने मागे वळून पाहिले तेव्हा…’. एवढे पुरते. काही मुले दूरदर्शन मालिकेतली हाणामारी आणतात. त्यांना रागावू नये, फक्त विचारावे की हे गुऱ्हाळात घडले तर काहील कुठे असेल आणि माणसे कुठे पळतील. उत्तर शोधताना ती पुन्हा समोरच्या जागेकडे येतात. व्हिडिओचा अतिवापर मात्र टाळावा. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. मधल्या तासांत मुलांनी खिडकीबाहेर पाहून, शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींचे काम पाहून, किंवा नुसते डोळे मिटून ऐकून तेच तीन रकाने भरावेत, म्हणजे पडद्याशिवायही तशी पाहण्याची सवय टिकते.

फाइलींना सुरुवातीपासून नीट नावे द्यावीत: इयत्ता, विषय, महिना. मूळ व्हिडिओ आणि त्यावरचे मुलांचे दोन्ही खर्डे एकाच ठिकाणी ठेवावेत. वहीची पाने फोनने टिपून घेतली तरी चालते. ज्या फाइलींत मुलांचे चेहरे आहेत त्या वर्ष संपताना संमतिपत्रात लिहिल्याप्रमाणे पुसून टाकाव्यात. चेहरे नसलेले व्हिडिओ मात्र शाळेच्या पेनड्राइव्हवर ठेवावेत आणि प्रत्येकासोबत एक चिठ्ठी जोडावी: कोणत्या सेकंदाला थांबवले, कोणता प्रश्न विचारला आणि कोणत्या प्रश्नावर मुले गप्प राहिली. बदलीने येणाऱ्या नव्या शिक्षकाला व्हिडिओइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, त्या चिठ्ठीची गरज असते.